बहिणीचा बोल्ट

मित्रांनो, घाबरू नका. मी आहे एक जुनी लष्करी रायफल, पण आता माझा नेम फक्त कागदावर.

रशियातल्या एका कारखान्यातून मला युद्धावर पाठवलं. तिथलं मी सांगणार नाही. युद्ध संपल्यावर अंगभर घट्ट पिवळं ग्रीस थापून मला पेटीत निजवलं. मग कित्येक वर्षं कुणी विचारलंच नाही.

गेल्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या क्लेटननं मला आणि पेटीतल्या माझ्या बहिणीला, म्हणजे माझ्यासारख्याच दुसऱ्या रायफलीला, एकदमच घरी आणलं. त्याला जुन्या रायफलींच्या नेमबाजीत उतरायचं होतं. गॅरेजमध्ये हीटरपुढे धरून त्यानं आमचं ग्रीस वितळवलं, दस्त्याला जवसाचं तेल चोळलं. मी उजळले. पण हौसेच्या भरात त्यानं दोघींचे बोल्ट एकाच बादलीत धुतले आणि तिचा मला बसवला.

बोल्ट म्हणजे गोळी झाडताना नळीचं मागचं तोंड बंद ठेवणारा अडसर. प्रत्येक रायफलीला तिचाच तो नेमका बसतो. तिचा माझ्यात सैल होता, दिसायला मात्र छान बंद व्हायचा. मला ओरडता येईना. नेमबाजीच्या मैदानावर पोचेपर्यंत मी नुसती तळमळत होते.

क्लेटननं काडतूस उचललं, तोच कडेवर बाळ घेतलेली त्याची बायको मार्नी म्हणाली, "थांब. नळीवरचा नंबर वेगळा, बोल्टवरचा वेगळा. दोन्ही एकच हवेत."

"अगं, बंद होतोय ना? तू तर बाळाच्या बाटलीतलं दूधसुद्धा दहा वेळा मनगटावर ओतून बघतेस!"

"बघते. म्हणून त्याची जीभ पोळत नाही. झाडताना तुझा गाल कुठे असतो रे?"

मैदान सांभाळणारी म्हातारी बेव्ह जवळ आली. "भांडण घरी करा. इथे माप घ्या." तिनं काडतुसाच्या आकाराचं, पण त्याहून केसभर लांब पोलादी माप माझ्यात सरकवलं. "यावर बोल्ट बंद झाला, तर रायफल बाद."

तो अलगद बंद झाला.

क्लेटनचा चेहरा उतरला. "फुटली असती?"

"काडतूस फाटलं असतं. पुढचं तुझं नशीब."

त्या दिवशीची स्पर्धा बुडाली. घरी त्यानं जिचा बोल्ट तिला बसवला. बेव्हकडून मागून आणलेलं माप पुन्हा घातलं, आणि माझा बोल्ट अर्ध्यातच अडला. मार्नीनं पुन्हा एकदा घालायला लावलं.

मित्रांनो, लोक माझ्या चकाकीची वाहवा करतात. मला तिचीच धास्ती वाटते. माझ्यासारखी जुनी रायफल घरी आली, तर मोठ्यांनी ती जाणत्याकडून तपासून घ्यावी, कुलपात ठेवावी. तुम्ही हात लावू नका.

आता दर शनिवारी क्लेटन गाल माझ्या दस्त्याला टेकवतो. त्याचा श्वास मला जाणवला की माझा जीव खालीवर होतो. तो तसाच होत राहो. निर्धास्त झालेली रायफल कुणाच्याच घरात नको.