चोवीस खांबांचा घाम

चैत्रात श्रीवर्धनच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. नव्या ग्रंथालयाचे चोवीस खांब मात्र रोज दुपारी ओले होत आणि सकाळी कोरडे.

साल १९३४. इमारत तीन लाख ग्रंथांसाठी बांधलेली. ग्रंथ चारशे बारा, त्यांत पंचांगे एकसष्ट. ग्रंथालय समितीचे अध्यक्ष बाबाजीराव तिला ‘राष्ट्राचे ग्रंथालय’ म्हणत. राष्ट्र अजून यायचे होते. इमारत वाट पाहत होती. घुमट इतका उंच, की एक वाचक खोकला तर चौघे खोकल्यासारखे वाटे. वाचकांची हजेरी अध्यक्ष बहुधा यावरूनच धरीत.

या ओलीने पुस्तकांना बुरशी धरली. बाबाजीरावांनी निकाल दिला, की ग्रंथपाल गुणाजी खिडक्या लावत नाही. पुढच्या सभेत त्याला काढून टाकावे. गुणाजीने आठ दिवस खिडक्या बंद ठेवल्या. खांब ओलेच.

“घाम फुटतो त्यांना,” बाबाजीराव म्हणाले. “राष्ट्राच्या ज्ञानाचा भार आहे.”

“चारशे बारा पुस्तकांचा, रावसाहेब? तेवढी तर मी दोन खेपांत वाहून नेतो.”

सभेच्या आदल्या दुपारी सुकी मासळी विकणारी सोनाबाई कोळीण ओसरीच्या सावलीला टेकली. खांबाला लागलेला हात तिने निरखला, बोट जिभेला लावले आणि हसली.

“मास्तर, ह्यो खांब न्हाय, माजा खारा बांगडा हाय! दर्यावरचा वारा लागला का पाझरतो, जमिनीवरची मतलई सुटली का सुकतो.”

“बांगड्याला तुम्ही मीठ लावता, सोनाबाई,” दारातून गुणाजी म्हणाला.

“मंग ह्याला कुनी लावलं, त्ये बगा. चाटा की! मान जाईल, पन नोकरी ऱ्हाईल.”

गुणाजीने आजूबाजूला पाहिले आणि खांब चाटला. मग थोडा गिलावा खरवडून पाण्यात कालवला, पाणी गाळून आटवले. कढईच्या तळाशी पांढरे, चौकोनी कण राहिले.

सभेत त्याने कढई अध्यक्षांसमोर ठेवली. “रावसाहेब, बांधकामाची वाळू कुठली?”

“समुद्रकाठची. मी स्वतः निवडली,” बाबाजीराव अभिमानाने म्हणाले. “नदीची वाळू काळपट. राष्ट्राचे खांब काळपट शोभतील?”

मीठ चाखायची सभासदांवर पाळी आली. गुणाजीला काढण्याचा विषय मग कोणी उच्चारला नाही. त्या दिवसाचे इतिवृत्त त्यानेच लिहिले: ‘खांबांचा चुना समुद्राच्या न धुतलेल्या वाळूत कालवला आहे. त्या वाळूतले मीठ दमट वाऱ्यातले बाष्प ओढून घेते, म्हणून खांब ओले होतात. खिडक्यांचा यात संबंध नाही.’