चार बोटांचे वळ

डॉक्टरीणबाईंनी रुहीला पालथं निजवलं, पेनाच्या टोपणाची बोथट बाजू तिच्या पाठीवरून हलकेच ओढली आणि म्हणाल्या, थांबा जरा. काजल बघत राहिली. आधी नुसती तांबूस रेघ. मग ती फुगली, कडांनी लाल झाली आणि बघता बघता कुणी छडी ओढावी तसा वळ पोरीच्या पाठीवर उभा राहिला. रुहीला काही दुखलंखुपलं नव्हतं. ती टेबलाच्या कडेचं स्टिकर खरवडत होती.

हे पित्तच, डॉक्टर सांगत होत्या. अंगावर गांधी उठल्या की लोक आधी अंडं बंद करतात, मग शेंगदाणे. हिचं खाण्यावरून नाही. कातडीवर दाब पडला, काही घासलं, की तिथेच उठतं. घट्ट इलास्टिक नको, फार गरम पाणी नको, टॉवेलने खसाखसा पुसू नका, नखं कापत जा. खाज फारच आली तर हे औषध.

"पाच-दहा मिनिटांत उठतं आणि तासाभरात पुसून जातं," त्या म्हणाल्या. "मारल्याचा वळ असा जात नाही."

डॉक्टरांना शोभाताईंबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. तरी काजलची कानशिलं तापली.

शोभाताई मनीषनगरात आपल्या घरीच पाळणाघर चालवत. नवरा गेल्यापासून तेवढ्यावरच त्यांचं घर चालायचं. गेल्या महिन्यात ऑफिसातून घाईघाईने आलेल्या काजलने रुहीला तिथून आणलं, घरी येऊन फ्रॉक काढला, तर दंडावर चार बोटं उमटलेली. लाल, टम्म. ताईने मारलं का गं, तिने विचारलं आणि रुहीने मान हलवली. अडीच वर्षांची पोर. दूध हवं का म्हटलं तरी मान हलवते, झोपायचं का म्हटलं तरी हलवते. काजलला हे चांगलं माहीत होतं. तरी तिने स्कूटर परत वळवली. फाटकापाशी आया आपापली लेकरं न्यायला जमल्या होत्या. सगळ्यांसमोर रुहीची बाही वर करून तिने विचारलं, ही चार बोटं कोणाची, शोभाताई?

शोभाताईंनी पोरीचा दंड पाहिला, काजलचा चेहरा पाहिला. एवढंच म्हणाल्या की, माह्या हातानं कधी चापट नाही लागली वं बेटा. पण कुणाला ते ऐकू जायच्या आधीच मोनालीने आपल्या सौरवला कडेवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मग आणखी दोघं आली नाहीत.

त्याच रात्री आंघोळ घालताना दंड स्वच्छ होता. काजलने तो ट्यूबलाइटखाली धरून उलटसुलट पाहिला. नवऱ्याला, जितेंद्रला, म्हणाली, तेलाने उतरलं. मारल्याचा वळ इतक्यात जात नाही, हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण बोलून बसल्यावर आता काय, असं तिने स्वतःला समजावलं. रुहीला मग तिने घरीच ठेवलं. पुढे तिथेही, फक्त तिच्याच देखरेखीत, चड्डीच्या इलास्टिकखाली आणि बॅगच्या पट्ट्याखाली वळ उठायला लागले, तेव्हा कुठे ती दवाखान्यात आली.

परतताना सिग्नलला उभी असता तिने हिशेब लावला. लावायचा नव्हता, पण लागला. पाच-दहा मिनिटांत उठतं. त्या संध्याकाळी शोभाताई आत कुणाचे तरी केस विंचरत होत्या. रुही अंगणातल्या रेतीत बसली होती, उठायला तयार नव्हती. आणि काजलनेच तिला दंडाला धरून उचललं होतं, तशीच ओढत स्कूटरवर बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोनालीला आणि त्या दोन मुलांच्या आयांना फोन करून फाटकापाशी बोलावलं. जिथे बोलली होती, तिथेच निस्तरायचं. स्कूटरच्या किल्लीच्या बोथट बाजूने तिने रुहीच्या पोटरीवर रेघ काढली. रुही म्हणाली, मासा काढ. मासा काढला. मासा फुगून वर आला तशा बाया पुढे सरकल्या. अगंबाई, केवढं टेन्शन घेतलं असशील तू, मोनाली म्हणाली आणि तिने काजलच्या पाठीवरून हात फिरवला. सगळी माया काजलच्याच वाट्याला येऊ लागली. तिनेही ती येऊ दिली.

शोभाताई दारातच उभ्या होत्या. रुहीने हात पुढे केले, तर त्यांनी आपले हात पदराखाली घेतले.

"मी रोज आठवून राहिली होती, मॅडम," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, झुल्यावरून उतरवताना माह्याच हातानं जोरात धरल्या गेलं असन. असन बी. तेव्हापासून लेकराले हात लावाले भेतो मी."

'मॅडम' हा शब्द काजलला नवा होता. इथे ती आजवर बेटा होती.

वाट तर समोर मोकळी होती. बिमारी होती, कुणाचाच दोष नव्हता, एवढं म्हणून निघून जाता आलं असतं. शोभाताईंनी तर त्यातला अर्धा भार आपणहून उचललाही होता.

"तुमची नव्हती ती बोटं," काजल म्हणाली. "माझी होती. मीच हिला दंडाला धरून ओढलं. आणि डाग गेला, हे मला त्याच रात्री कळलं होतं. मी गप्प बसले."

पाठीवरचा हात निघून गेला. मोनाली आता काजलच्या बोटांकडे बघत होती. काजलने किल्ली मुठीत धरली, मग मूठ कुठे लपवावी ते तिला सुचेना.

शोभाताईंनी पदराखालचे हात बाहेर काढले. मग पायरी उतरल्या, दोन्ही तळहात रुहीच्या बगलांखाली सरकवले आणि अलगद उचलून तिला खांद्याशी घेतलं. मासा अजून पोटरीवर होता.

"संध्याकाळी घ्याले या, मॅडम," त्या म्हणाल्या, आणि पोरीला घेऊन आत गेल्या.