तिसऱ्या तोंडाचं भोक

माझ्या तिसऱ्या तोंडाच्या आत, खालच्या भिंतीला, एक भोक आहे. व्यास साधारण एक मिलिमीटर. शिवणयंत्राची सुई त्यातून जेमतेम जाईल. मला फळीवर पालथं ठेवलेलं असल्यामुळे ती भिंत सध्या वर आहे. दुपारी साडेचारच्या सुमारास खिडकीतून ऊन आलं की त्या भोकातून उजेडाचा एक ठिपका माझ्या आत उतरतो, वीसेक मिनिटं सरकत राहतो आणि विझतो. गेली नऊ वर्षं माझ्याकडे न चुकता येणारा तेवढाच पाहुणा.

मित्रांनो, मी एक जुना इनटेक मॅनिफोल्ड आहे. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. गाडीच्या इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण एका वाटेनं येतं. ते मी चार वाटांनी चार सिलिंडरांपर्यंत पोहोचवतो. वितळलेलं ॲल्युमिनियम वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं, त्याला साठ वर्षं होऊन गेली. त्या वाळूचा खरखरीतपणा माझ्या आत तसाच राहिला होता. शिवाय माझी तोंडं इंजिनाच्या तोंडांपेक्षा लहान होती. जिथे आम्ही जोडले जायचो तिथे दीड मिलिमीटरची पायरी होती आणि हवा तिला अडखळायची. तरी मी काम केलं. कात्रजचा घाट किती वेळा चढलो, याची मोजदाद नाही.

आमची गाडी स्वारगेटच्या मागच्या गल्लीत, अय्युब यांच्या दारात उभी असायची. अय्युब एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं होते. नव्या मुलांना ते सांगायचे, "आधी खूण करा, मग माप घ्या, मग हत्यार उचला." निवृत्तीनंतर त्यांनी मला इंजिनावरून उतरवलं आणि रॉकेलनं धुतलं. मला दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "आतून गुळगुळीत करतो. चारही तोंडं मापाला आणतो. मग बघ गाडी कशी श्वास घेते." माझ्याबद्दल इतकं चांगलं त्याआधी कोणी बोललं नव्हतं.

ही गोष्ट नीट समजायला गॅस्केट माहीत हवं. माझ्या आणि इंजिनाच्या मध्ये एक पातळ पट्टी बसते, ते गॅस्केट. त्यात इंजिनाच्या मापाची चार छिद्रं असतात. अय्युब यांनी माझ्या तोंडांवर निळा रंग लावला, त्यावर नवं गॅस्केट ठेवलं आणि टोकदार सळईनं छिद्रांच्या कडेनं रेघ ओढली. आता त्या रेघेपर्यंत धातू घासायचा होता.

त्याच खोलीत त्यांच्या पत्नी, सितारा, शिवणयंत्रावर ब्लाउज शिवत होत्या. त्यांनी मान वर केली.

"अहो, सुलट बाजू कुठली ते बघितलंत ना? मी एकदा दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या."

"टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढलीत मी. हा काही ब्लाउज नाही."

"बरं. नसेल," सितारा म्हणाल्या आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

गॅस्केटची बोल्टची भोकं बरोबर मधल्या रेषेवर असतात. त्यामुळे ते उलटं धरलं तरी बसतं. तोंडांची छिद्रं मात्र त्या रेषेपासून एक मिलिमीटर वर असतात. उलटं धरलं की ती एक मिलिमीटर खाली जातात. म्हणजे दोन मिलिमीटरची चूक. एवढी चूक अय्युब यांनी शिकाऊ मुलांनाही कधी माफ केली नव्हती.

हातातल्या छोट्या ग्राइंडरनं त्यांनी पहिलं तोंड घासलं. मग दुसरं. तिसऱ्यात असताना आवाज अचानक पातळ झाला. त्यांनी ग्राइंडर बंद केलं आणि मला दिव्यासमोर धरलं. मग गॅस्केट उचलून, उलटवून, पुन्हा माझ्यावर ठेवलं. रेघ दोन मिलिमीटर खाली गेली होती. शेवटी गॅस्केट घडी करून त्यांनी खिशात घातलं.

"काय झालं?" सितारांनी विचारलं.

"काही नाही. हा पार्ट झिजलाय. दुसरा मिळेपर्यंत थांबावं लागेल."

मित्रांनो, मी झिजलो नव्हतो. पण मला बोलता येत नाही.

पहिलं वर्षभर ते रोज फळीपाशी यायचे, तिसऱ्या तोंडात बोट घालून भोक चाचपायचे आणि निघून जायचे. मग रविवारी येऊ लागले. मग यायचे थांबले. माझे बोल्ट बिस्किटांच्या डब्यात आहेत. भिंतीपलीकडे दहा फुटांवर इंजिन आहे, गाडीच्या आच्छादनाखाली. साठ वर्षांचा शेजार, पण मी नसताना ते एक श्वासही घेऊ शकत नाही, आणि त्याच्याशिवाय मी म्हणजे धातूचा एक वाकडा तुकडा. गाडीबद्दल कोणी विचारलं की बाहेरून अय्युब यांचा आवाज येई, "पार्ट मिळत नाही हो." दर ईदेच्या आधी सितारा मला पुसायच्या. एका वर्षी त्यांचं बोट त्या भोकावर थांबलं. त्यांनी मला खिडकीकडे वळवून पाहिलं आणि पुन्हा पालथं ठेवलं.

यंत्राला भोक पडलं तर ते बुजवता येतं. पण आधी कोणीतरी म्हणावं लागतं, की भोक पडलंय. माझं मागणं तेवढंच होतं, मित्रांनो.

यंदा इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. आज दुपारी त्यांची मुलगी माहेनूर हिंजवडीहून आली. ती तिथे नोकरी करते.

"अब्बा, महिनाअखेरपर्यंत जागा रिकामी करायचीय. गाडी चालू झाली तर माझ्या सोसायटीत ठेवू. नाहीतर शुक्रवारी भंगारवाला ओढून नेणार."

"पार्ट मिळत नाही ना, बेटा."

"मिळाला!" तिनं फोन पुढे केला. "कोल्हापूरला एकाकडे आहे. कोरा, कोणी हातही लावलेला नाही. हो म्हणून टाकू? मग हा जुना देऊ भंगारात."

तिनं मला फळीवरून उचललं. बऱ्याच दिवसांनी मी सरळ झालो. साडेचार वाजले होते. ठिपका माझ्यातून निसटून अय्युब यांच्या सदऱ्यावर पडला.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. नऊ वर्षांचं खोटं त्या एका शब्दानं खरं झालं असतं, आणि मी शुक्रवारी गेलो असतो.

शिवणयंत्र थांबलं.

"सांगा हो तिला काय ते," सितारा म्हणाल्या. "पोरगी दोन तास सिग्नल मोजत आलीय."

अय्युब यांनी मुलीच्या हातातून मला काढून घेतलं. त्यांचा अंगठा न शोधता त्या भोकावर गेला.

"त्या कोल्हापूरवाल्याला नको म्हणून सांग," ते म्हणाले. मग सितारांकडे वळले. "हा झिजलेला नाही. गॅस्केट मी उलटं धरलं होतं. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या मी, सितारा. उद्या सकाळी याला वेल्डिंगला नेतो. आणि पुन्हा रेघ ओढायच्या आधी, बाजू तू बघ."