मेलवरचा कोड

आमच्या अंबरनाथच्या केमिकल कंपनीत इंटरनेट म्हणजे सोवळ्यातलं देवघर, कोणी शिवायचं नाही. फायरवॉलमधून आत येतो तो फक्त ईमेल. आणि मी स्वप्नाली, उल्हासनगरच्या एका सॉफ्टवेअरवाल्या सेठची माणूस, कंपनीच्या गोदामाचा प्रोग्रॅम सांभाळायला आत बसलेली.

तिकडे सेठच्या ऑफिसात आमचा कल्पेश कोड बदलणार, बदल मेलने पाठवणार, मी ते इथे क्रमाने चढवणार. झिप फाइल फायरवॉल गिळते, म्हणून साधी टेक्स्ट फाइल करून पाठवायची. तरी मधलाच एखादा मेल गायब होतो आणि पुढचे सगळे बदल अडून बसतात. फोन गेटवर जमा. म्हणजे उन्हातून गेटपर्यंत जा, वॉचमनकडून फोन माग आणि ओरड, "अरे कल्प्या, चौथा मेल खाल्ला रे! परत टाक!"

"ताई, टाकलाय ना!"

"तू टाकलायस रे, मला नको मिळायला?"

वैताग नुसता! थकले होते मी. बदलापूरला आई कंबरेचं हाड मोडल्यापासून पलंगावर. शेजारची चांगुणाकाकू दुपारी डोकावते, तेवढंच. सेठने शब्द दिला होता, "लाइन खुलवा ले बेटा, फिर घर से काम कर." त्या एका वाक्यावर वर्षभर मी इथल्या आयटीच्या दिनानाथसरांचं डोकं खाल्लं. सर, फक्त आमच्या सर्व्हरपुरतं इंटरनेट उघडा ना! त्यांचं एकच उत्तर, "हेड ऑफिसला मेल टाकलाय."

आणि सोमवारी खरंच उघडलं. कल्पेशने तिकडे बटण दाबलं, इकडे सगळा कोड आपोआप ताजा. मी बघतच राहिले. आईला कधी एकदा सांगते असं झालं. गेटवर पळत गेले, तर हातात घेताच फोन वाजला. कल्पेश.

"काय रे, बघितलंस? चाललं की!"

"ताई... सेठ म्हणतो, आता सगळं इथूनच होतंय, तर मीच बघायचं. तुमचा हा महिना शेवटचा. मी भांडलो त्याच्याशी, आईशप्पथ."

"घरून काम करायचं ठरलं होतं ना?"

"तो म्हणतो, कुठलं काम?"

मला रडू आलं, तिथेच, वॉचमनसमोर. मग डोकं सणकलं. तरातरा दिनानाथसरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, बंद करा ते."

"काय बंद करू?"

"लाइन. होती तशी करा."

त्यांनी चष्मा काढला. "अगं, वर्षभर जीव खाल्लास माझा! बंद करायलाही हेड ऑफिसला मेल लागतो. कारण काय लिहू?"

"लिहा, लाइन बंद होती तोवर हिची नोकरी होती."

सरांनी कीबोर्ड ओढला. एक ओळ टाइप केली, थांबले, खोडली.

"स्वप्नाली," ते हळूच म्हणाले, "हे कारण तिथे चालत नाही गं."