आरशातला गणपती

तमिळ मुलखात, गिंडीतल्या आमच्या कंपनीत लग्नपत्रिका सजवायचं सॉफ्टवेअर बनायचं, आणि गिऱ्हाइकांच्या पत्रिकाही. २००६ची गोष्ट. दोघांपैकी एकालाच ठेवणार, शुक्रवारी ठरवते, असं नंदितामॅडमनी तोंडावर सांगितलं होतं. दोघं म्हणजे मी, अक्षत, पुण्याचा इंजिनिअर, आणि वेंकोबा. पन्नाशीचे, तंजावरचे मराठी, 'मज कळत नाही' असं बोलणारे. काय ते ध्यान! पत्रिकेचे दोन्ही कोपरे माउसनं एकेक रेघ ओढत वेगवेगळे काढायचे. नुसती गाढवमेहनत.

मी तीन फंक्शनं लिहिली होती. 'शेजारी' दोन चित्रं जोडतं, 'आरसा' चित्राचं डावं-उजवं उलटवतं, 'वर' एकावर दुसरं ठेवतं. प्रत्येकातून पुन्हा चित्रच निघतं, ते खुशाल पुढच्या फंक्शनला द्या. डावी बाजू, म्हणजे वेलबुट्टी आणि कोपऱ्यातला गणपती, एकदा काढायची, शेजारी तिचाच आरसा. झाली पत्रिका! शुक्रवारी सकाळी वेंकोबांना हे मी बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं.

त्यांनी पडदा निरखला. "सोंड उजवीकडे गेली, अक्षतराव. हें बरें नव्हे."

"आधी धड मराठी बोला, मग माझ्या कामात नाक खुपसा," मी म्हणालो.

दुपारी राजसबाई मॅडमबरोबर मुलीची पत्रिका बघायला आल्या. त्यांनी चष्मा लावला आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "उजव्या सोंडेचा? एवढा कडक सोवळ्याचा देव पत्रिकेवर? कुठें कुठें पडतात त्या पत्रिका!" आणि बाई उठल्याच.

"पण प्रोग्रॅम बरोबर आहे," मी म्हणालो. मूर्खासारखा.

वेंकोबा माझ्या खुर्चीत बसले. आधी नुसत्या वेलबुट्टीला आरसा लावला, मग माझंच 'वर' घेऊन दोन्ही कोपऱ्यांत तोच डाव्या सोंडेचा गणपती ठेवला. दोन मिनिटं लागली. राजसबाई परत बसल्या.

"हे तुम्हाला कधीपासून येतं?" मॅडमनी विचारलं.

"सकाळीं यांनीच शिकविलें. बरें शिकवतात. क्रम तेवढा मी बदलिला."

टोमणा असता तर मी सव्याज परत केला असता. पण माणूस मनापासून बोलत होता, आणि मला तेच सहन होईना.

"वेंकोबा, तुम्ही राहा," मॅडम म्हणाल्या. "अक्षत, जाण्याआधी बाकीचं सगळं यांना समजावून दे."

मी मान हलवली. समजावण्यासारखं काही उरलंच नव्हतं.