लव्हाळ्यातली जागा

"पहिली कुदळ काकांच्याच हातची, काकू," खुर्ची ओढून बसत सरपंच नीलेश म्हणाला. "रुपेश माहा दोस्त होता. ज्या लव्हाळ्यानं त्याचा जीव घेतला, तो साफ उपटून टाकू. तिथी पक्का घाट बांधू. घाटाले नावही त्याचंच देऊ."

"येतो मी," रामाजी म्हणाला. "मुयासकट काढजो पण."

जिजाबाईनं चहाचे कप पुढे ठेवले आणि ती आत गेली.

रुपेश रामाजी-जिजाबाईचा एकुलता एक मुलगा. पोळ्याच्या सकाळी शेजाऱ्यांचे बैल धुवायला गावच्या तलावात उतरला, तो परत आला नाही. त्या साली तलाव तुडुंब भरून पाणी सांडव्यावरून नाल्यात कोसळत होतं. दुसऱ्या दिवशी तो सांडव्याजवळच्या लव्हाळ्यात सापडला. लव्हाळ्यात पाय गुंतला म्हणून पोहणारं पोरगं बुडालं, असं गाव म्हणालं, आणि रामाजीनं ते उराशी धरलं. जिजाबाई पूर्वी तोच लव्हाळा कापून, वाळवून चटया विणायची. रामाजीनं घरातल्या सगळ्या चटया अंगणात जाळल्या. तिनं अडवलं नाही.

रुपेशला बाहेर काढलं ते तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांच्या महादेवरावांनी. त्यांनी मात्र तिला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं होतं.

"बाई, पोराच्या मनगटाले तुटलेलं दावं गुंडायलेलं होतं. बैलानं खोलात ओढला त्याले. म्या दावं कापून टाकलं. लव्हाळ्याचा दोष नाई. उलट त्यानंच धरून ठेवला. नाईतं सांडव्यावरून वाहून गेला असता. तुमाले तोंडही दिसलं नसतं त्याचं."

हे ती नवऱ्याला कधीच सांगू शकली नाही. "बैल बुजरा हाय, दावं हाताले घट्ट गुंडाय," असं त्या सकाळी रुपेशला बजावणारा रामाजीच होता. लव्हाळ्याला शिव्या देत तो जगत होता. जगू दे, असं तिनं ठरवलं.

उन्हाळ्यात पाणी आटलं आणि मशीन आली. निघताना रामाजीनं स्वच्छ सदरा घातला.

"राहू द्या ना तो लव्हाळा," ती दारातून म्हणाली. "पाणकोंबड्या राह्यतात तिथी."

तो वळला. "तुले पाणकोंबड्यांची पडली? पोराची नाई?"

जिजाबाई दार ओढून त्याच्या मागोमाग तलावावर गेली.

नीलेशनं नारळ फोडला. रामाजीनं कुदळ मारली. एकदा नाही, दम लागेपर्यंत मारली. मग लोकांनी त्याला बाजूला घेतलं आणि मशीन आत उतरली. संध्याकाळपर्यंत तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, तिधारी दांड्यांचा हिरवा ढीग पडला. दांड्यांच्या टोकांवर तपकिरी तुरे अजून तसेच होते. उकरलेल्या चिखलात एक पाणकोंबडी इकडून तिकडे पळत होती. घरी आल्यावर रामाजी पोटभर जेवला. जिजाबाईनं आपलं ताट झाकून ठेवलं.

पावसाळ्यात तलाव भरला. घाट झाला, पाटी लागली. आणि रामाजी गप्प झाला. शिव्या द्यायलाही काही उरलं नव्हतं. रोज संध्याकाळी तो घाटावर जाऊन उभा राही. बोलावल्याशिवाय परतत नसे.

पोळ्याच्या दिवशी तो जेवायला आला नाही, तेव्हा जिजाबाई शोधत गेली. बैल धुऊन लोक घरी गेले होते. रामाजी गुडघाभर पाण्यात उभा होता.

"काऊन उभे राह्यले असे? चला घरी."

"कुठी सापडला होता वो तो?" त्यानं विचारलं. "लव्हाळा होता तं दुरूनही समजे. आता सारं पाणीच पाणी दिसते. कितीक दिवसापासून पाहून राह्यलो. जागाच सापडून नाई राह्यली."

जिजाबाई चपला काढून पाण्यात उतरली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. सांडव्याचा दगडही नव्या सिमेंटखाली गेला होता. तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. तिलाही काही ओळखू येईना.

तिनं त्याचा हात धरला आणि समोर बोट दाखवलं.

"तिथी," ती म्हणाली.

रामाजी तिकडे पाहत राहिला.