कमरेचा कासरा

शुक्रवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. सांगवीत कालव्याच्या भरावावर राजेश्वरीचा उजवा गुडघा फिरला. तिच्या कमरेला कासरा होता आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मी.

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा. भवानीनगरच्या रस्त्यावर मी आठ हंगाम ऊस वाहिला. नक्षी झिजली तेव्हा मला गोठ्यामागे टाकलं. माझ्यात पाणी साचे, कोंबड्या ते पीत.

तिथून मला राजेश्वरीच्या वडिलांनी, गोकुळने उचललं. पोर कॉलेजात कबड्डी खेळत होती. त्याने मला भोक पाडून बैलाचा कासरा ओवला आणि तिला म्हणाला, "कंबर खाली. पाऊल टीचभर. थांबायचं न्हाय."

तीन वर्षं तिने मला ओढलं. जागचा हलेपर्यंत मी सर्वांत जड असतो, हे ती माझ्याकडूनच शिकली. जिथे इतर चढाईपटू लांब ढांग टाकतात आणि पडतात, तिथे ती बसकी होऊन टीचटीच सरकते. इंदापूरच्या सामन्यात तिघींनी तिला धरलं होतं. एकीने घोटा, दोघींनी कंबर. तिघींसकट तिने मध्यरेषा गाठली.

"आमच्या घराण्याचं रक्तच तसलं," गोकुळचे थोरले भाऊ दादासो गावभर सांगत सुटले. सत्कारात फेटा त्यांनीच बांधून घेतला. माझं नाव कुणी घेतलं नाही.

विद्यापीठाच्या संघाची निवड सोमवारी होती. शुक्रवारी दादासो चार माणसं घेऊन भरावावर आले आणि सरळ माझ्यावर बसले.

"वढ. व्हिडिओ काढू."

"तात्या, नगं. सोमवारी निवड हाय."

"तिघींस्नी वढतीस आन् चुलता जड झाला व्हय गं?"

"पाटावर बसल्यागत बसलाय तात्या. आता अक्षताच टाका," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

राजेश्वरीने बापाकडे पाहिलं. थोरल्या भावापुढे तो कधीच बोललेला नाही. मोबाइल त्याच्याच हातात होता.

सहा पावलं मी सरकलो. सातव्याला माझी कड दगडाला अडली. तिच्या गुडघ्याचा आवाज मी ऐकला.

"टायर लई जड व्हता," दादासो तेव्हापासून सांगतात. व्हिडिओ गोकुळने त्याच दिवशी पुसला. मला पुन्हा गोठ्यामागे टाकलं.

सोमवारी निवड झाली. राजेश्वरी खाटेवर होती.

काल गोकुळ गोठ्याशी उभा राहून डॉक्टरांशी फोनवर बोलत होता. ओढताना वजन किती होतं, असं त्यांनी विचारलं असावं.

"नुसता टायर व्हता, साहेब."

खिडकीतून राजेश्वरी म्हणाली, "आण्णा, तात्याचं वजन सांगा की."

त्याने फोन खिशात घातला आणि बैलांना वैरण टाकली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी म्हणणार नाही. मला बिनधास्त फेका. पण ओढणारं माणूस "नगं" म्हणालं, तर ते एकदा ऐका.

आज बुधवार. गुडघ्याचा फोटो दवाखान्यातून संध्याकाळी मिळेल. गोकुळने डॉक्टरांना परत फोन केलेला नाही. कासरा अजून माझ्यातच आहे. दुसऱ्या टोकाची गाठ तिच्या कमरेच्या मापाची, तशीच बांधलेली.